मॉलिब्डेनम हेक्साकार्बोनिल: दोन वर्षं आणि अडीच बाटल्या वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

५ पैकी ४ तारे. कापलेला एक तारा पुडीचा नाही, झाकणाचा आहे, ते पुढे येईलच.

आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते, म्हणजे बाकीच्यांचा वेळ जायला नको. ज्यांना रिअ‍ॅक्शनमध्ये कार्बोनिल घालायचाय पण कार्बन मोनॉक्साइडचा (सीओचा) सिलेंडर लॅबमध्ये ठेवायची परवानगी नाही (किंवा परवानगी आहे पण धीर नाही, माझ्यासारखा), किंवा ज्यांना ऑर्गॅनोमेटॅलिक (धातू आणि कार्बनच्या बंधांची केमिस्ट्री) शिकायला एखादं असं कंपाउंड हवंय जे ग्लोव्हबॉक्सशिवाय (हवा न शिरणाऱ्या पेटीशिवाय) तोलता येतं, त्यांनी वाचा. बाकी नुसतं "यील्ड किती आलं" विचारणाऱ्यांनी थेट शेवटाकडे गेलात तरी चालेल, तिथेही यील्ड सापडणार नाही.

बाटली उघडली की आत पांढरे, चमकणारे, बारीक स्फटिक. नाव एवढं भारदस्त, मध्यभागी जड धातूचा अणू, आणि दिसायला एकदम साधी पूड. चांगल्या मालात करडेपणा अजिबात नसतो, करडी किंवा निळसर झाक दिसली तर थोडी विघटित झालीय असं समजायचं आणि वापरायच्या आधी सब्लाइम (घनरूपातून थेट वाफ) करून घ्यायची. व्हॅक्यूम लावून ५०-६० अंशांवर ठेवली की कोल्ड फिंगरवर (आतून थंड ठेवलेल्या नळीवर) सुंदर स्फटिक जमतात आणि काळा गाळ खालीच राहतो, तासाभराचं काम आहे आणि बघायलाही मजा येते. वास येत नाही, आणि तीच पंचाईत आहे, वास नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. ही पूड विषारी आहे, पोटात, श्वासात, कातडीवर, कशीही. फ्यूम हुडच्या (हवा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर झाकण उघडायचंच नाही, तोलायचा काटासुद्धा हुडमध्ये घ्यायचा. आमच्याकडे एकाने "एवढंसंच तर आहे" म्हणत बाहेरच्या काट्यावर तोलायला घेतली होती, सिनियर मॅडमनी त्याला असा झापला की पुढचे दोन आठवडे तो मीठसुद्धा हुडमध्ये तोलत होता.

आता झाकण. हे कंपाउंड साध्या तापमानालाही हळूहळू सब्लाइम होतं. झाकण जरा सैल असेल तर बाटलीच्या गळ्याशी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक स्फटिकांची झालर जमते. पहिली बाटली आली तेव्हा पुरवठादाराने (नाव घेत नाही) साधं फिरकीचं झाकण लावलेलं, आत सील नाही, वरून टेप नाही. मी बावळटासारखी ती तशीच कपाटात ठेवली आणि चार महिन्यांनी तोलली तर ग्रॅमभर माल गायब. गायब म्हणजे गेला कुठे, तर कपाटात, म्हणजे आम्ही सगळे दार उघडून बाकीची केमिकल्स काढतो त्या हवेत. हा हिशोब मनात झाल्यावर पोटात गोळा आला. तक्रार केली तर उत्तर आलं की प्रॉडक्ट स्पेसिफिकेशननुसार आहे. पूड असेल हो स्पेसिफिकेशननुसार, झाकणाचं काय? तेव्हापासून मी बाटलीला पॅराफिल्मचे तीन वेढे मारते, वरून झिप पिशवी, आणि फ्रीजमध्ये. लेबलवर प्रत्येक वेळी बाटलीसकट वजन लिहून ठेवते. एक तारा इथे गेला.

पण वाफ होणं सोडलं तर स्वभावाने फार शांत कंपाउंड आहे. हवेत ठेवली म्हणून पेट घेत नाही, पाण्यात टाकली तर ढिम्म. म्हणूनच नव्या मुलांच्या हातात पहिलं कार्बोनिल (धातूला सीओ जोडलेलं कंपाउंड) हेच द्यावं असं माझं मत आहे. आणि हा शांतपणा येतो कुठून हे समजलं की पुढचं सगळं वापरायला सोपं जातं, त्यामुळे इथे जरा थांबते. मॉलिब्डेनमचा अणू शून्य ऑक्सिडेशन अवस्थेत, त्याचे स्वतःचे ६ इलेक्ट्रॉन, भोवती अष्टफलकाच्या सहा टोकांना सहा सीओ, प्रत्येकाचे २, म्हणजे १२, झाले १८. संच पूर्ण, कोणाला काही मागायचं नाही. पण खरी गंमत या बेरजेत नाही, देवघेवीत आहे. सीओ आपल्या कार्बनच्या टोकाकडून धातूला इलेक्ट्रॉनची जोडी देतो आणि धातू आपल्या डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन उलट सीओच्या रिकाम्या पाय-स्टार ऑर्बिटलमध्ये ढकलतो. दोन्हीकडून देणं चाललंय म्हणून पकड घट्ट. आणि पाय-स्टार हे अँटीबाँडिंग, त्यात इलेक्ट्रॉन शिरले की कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध तेवढा ढिला पडतो.

हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं आणि परीक्षेत लिहिलेलंही असतं, पण बंधांची कंपनं टिपणाऱ्या आयआर (इन्फ्रारेड) मशीनवर बघितलं की खरं वाटतं. मोकळ्या सीओचं कंपन २१४३ सेंमी⁻¹ ला, आणि याच्या द्रावणाचं स्पेक्ट्रम घेतलं तर २००० च्या किंचित खाली एकच, उंच, सुईसारखा पट्टा. एवढा खाली घसरला कारण धातूने इलेक्ट्रॉन ढकललेत. आणि एकच का, सीओ तर सहा आहेत? कारण रेणू इतका सममित आहे की सहाही एकदम ताणले गेले तर तो सगळीकडून सारखाच फुगतो, डायपोल (विद्युतभाराचा एकीकडे झुकाव) बदलत नाही, आयआरला ते दिसतच नाही. सहा कंपनांच्या तीन जाती होतात, त्यातली एकच आयआरमध्ये उमटते. पहिल्यांदा स्पेक्ट्रम आलं तेव्हा मी मशीन बिघडलंय समजून सेल पुसून परत रन घेतला होता. बाकी आयआरसाठी एवढं साफ सँपल मी दुसरं बघितलेलं नाही, फक्त त्यासाठीसुद्धा एक तारा देईन.

मास स्पेक्ट्रमही (रेणूच्या तुकड्यांची वजनं दाखवणारा आलेख) बघून घ्या जमल्यास. मूळ आयन, मग २८ ने (एका सीओच्या वजनाने) कमी, परत २८ ने कमी, असे सहा वेळा, गाडीचे डबे एकेक करून सुटावेत तसे, आणि शेवटी नुसता धातू उरतो. प्रत्येक जागी एक शिखर नसून झुबका असतो, कारण निसर्गात मॉलिब्डेनमचे सात आयसोटोप आहेत. तो झुबका एकदा डोळ्यात बसला की कुठल्याही गिचमिड स्पेक्ट्रममध्ये मॉलिब्डेनम लांबून ओळखता येतो.

वापराकडे येते. मी सगळ्यात आधी केलं ते अ‍ॅसिटोनायट्राइलमधलं. पूड आणि कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल, नायट्रोजनखाली रिफ्लक्स (उकळून वाफ परत खाली आणत राहणं), ८२ अंश, बस. घाई असेल तर हे करू नका, मी रात्रभर ठेवलं होतं. द्रावण हळूहळू पिवळं होतं आणि सहापैकी तीन सीओ निघून त्यांच्या जागी तीन नायट्राइल बसतात. सहाही का निघत नाहीत हा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि उत्तर परत त्या देवघेवीतच आहे. समोरासमोर बसलेले दोन सीओ धातूच्या एकाच ऑर्बिटलवर हक्क सांगतात, त्यामुळे दोघांनाही अर्धपोटी. नायट्राइलला धातूकडून फारसं काही नको असतं, तो समोर आला की उरलेल्या सीओला सगळा वाटा एकट्याला. म्हणून तीन निघतात, उरलेले तीन एकाच बाजूला, प्रत्येकाच्या समोर एक नायट्राइल असे बसतात आणि मग जाम हलत नाहीत. आयआरमध्ये एकाचे दोन पट्टे होतात, आणि तेही १९१५ आणि १७८५ च्या आसपास, म्हणजे दणकून खाली. हे उत्पादन मात्र मूळ पुडीसारखं शांत नाही, हवेत उघडलं की तपकिरी व्हायला लागतं, म्हणून बनवून लगेच पुढच्या रिअ‍ॅक्शनला घ्यायचं. साठवून ठेवीन म्हणाल तर ठेवा, सकाळी फ्लास्कमध्ये चहा सापडेल.

मेसिटिलीनचं कॉम्प्लेक्स पण केलं, पिवळंधमक, देखणं, पण तिथे त्रास झाला. मेसिटिलीन उकळतं १६५ च्या आसपास आणि आपली पूड त्याच्या कितीतरी आधी वाफ होऊन वर कंडेन्सरमध्ये जाऊन बसते, पांढरी चिकटलेली. म्हणजे रिअ‍ॅक्शन खाली, रिअ‍ॅक्टंट वर. मी आधी गुंडाळीचा कंडेन्सर लावला होता, तो आतून एवढा भरला की बाहेर जाणाऱ्या सीओची वाटच बंद होतेय की काय अशी भीती वाटायला लागली. सरळ, रुंद नळी लावा आणि अधूनमधून पूड परत खाली येईल अशी सोय ठेवा. आणि जास्त वेळ तापवू नका, काळं पडायला लागलं की तो धातू सुटतोय, तिथेच थांबायचं. पिपरिडीनचं जे नेहमीचं प्रॅक्टिकल आहे, आधी दोन पिपरिडीन घालून पिवळा साका, मग ट्रायफिनाइलफॉस्फीन घालून सिस (दोन्ही शेजारी-शेजारी) आणि टोल्युइनमध्ये तापवून ट्रान्स (दोन्ही समोरासमोर), ते मुलांना शिकवायला उत्तम आहे. सिसचे चार पट्टे, ट्रान्सचा एकच ठळक, ग्रुप थिअरीचा (सममितीच्या गणिताचा) तास घ्यायची गरज उरत नाही.

पण बहुतेक लोक ही पूड घेतात ते सीओचा स्रोत म्हणून, आणि मी पण त्यासाठीच घेतली होती. अराइल ब्रोमाइड किंवा आयोडाइड, पॅलेडियम, अमीन, बेस, आणि ही पूड, बंद नळीत मायक्रोवेव्हमध्ये टाकलं की काही मिनिटांत अमाइड. डीबीयू (एक बेस) घातलं की सीओ पटकन सुटतो. गॅस सिलेंडर नाही, रेग्युलेटर नाही. ऐकायला स्वर्ग.

आता माझा गाढवपणा ऐका. सबस्ट्रेट (ज्याचं अमाइड करायचं ते मूळ कंपाउंड) ०.५ मिलिमोल होतं, मी विचार केला सीओ थोडा जास्तच असू दे, म्हणून पूड घेतली दोन इक्विव्हॅलंट (म्हणजे सबस्ट्रेटच्या दुप्पट मोल), २६४ मिलिग्रॅम. दिसायला चिमूटभर. डोक्यात हे आलंच नाही की एक मोल म्हणजे सहा मोल गॅस. २६४ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल, म्हणजे सगळा सुटला तर ६ मिलिमोल सीओ, नळी १० मिलिलिटरची, त्यात मोकळी जागा जेमतेम ७ मिलिलिटर, तापमान १५० अंश. बसून गुणाकार करा, जवळपास ३० वातावरणं दाब येतो, तोही सॉल्व्हंटची वाफ न धरता. झाकणाची मर्यादा २० बार. मशीनने दाब चढताना बघून स्वतःच प्रोग्रॅम बंद केला, झाकण टिकलं, मी पण टिकले. नळी पूर्ण थंड करून हुडमध्ये सावकाश दाब सोडला तेव्हा शेजारी ठेवलेल्या सीओ डिटेक्टरने असा टाहो फोडला की शेजारच्या लॅबमधले लोक दारात. हा गॅस हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो, तो टाहो फुकट नव्हता. त्यानंतर मी एक आकडा पाठच केलाय, १ ग्रॅम पुडीत जवळपास अर्धा लिटर सीओ असतो. एवढ्याशा बाटलीत एवढा गॅस मावतो हाच या प्रॉडक्टचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि अंगाशी येतो तो पण हाच. आता मी एक तृतीयांश इक्विव्हॅलंटपासून सुरुवात करते, त्यातून कागदावर दोन इक्विव्हॅलंट सीओ मिळतो आणि माझ्या बऱ्याचशा सबस्ट्रेटना तेवढा पुरला.

अजून एक खोड. ही पूड नुसता सीओ देऊन गप्प बसत नाही, शून्य अवस्थेतला मॉलिब्डेनम स्वतः रिड्यूस करतो. माझ्या एका सबस्ट्रेटवर नायट्रो ग्रुप होता, अमाइड आलं खरं पण नायट्रोचं पण अमीन होऊन बसलेलं. वर्कअपनंतर (उत्पादन वेगळं काढल्यावर) टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी दाखवणाऱ्या प्लेटवर) तीन-चार ठिपके बघून डोकं धरून बसले होते. नायट्रो असेल तर दुसरा स्रोत शोधा किंवा नायट्रो नंतर आणा.

पण हाच दोष दुसरीकडे गुण ठरतो आणि मला वाटतं या बाटलीचा सगळ्यात कमी कौतुक झालेला उपयोग तो आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजनमधला एकेरी बंध तोडणं. आयसॉक्झॅझोलिन असो की नायट्रोसोच्या डील्स-आल्डरमधून आलेली रिंग, ओल्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये पूड घालून रिफ्लक्स केलं की तो बंध तुटतो आणि बाजूची डबल बाँड आहे तशी राहते. हायड्रोजन आणि पॅलेडियम लावलं असतं तर डबल बाँड गेलीच असती. इथे पाणी मुद्दाम घालायचं असतं, आणि आयुष्यभर सॉल्व्हंट कोरडं करत आलेल्या माणसाला पिपेटने पाणी घालताना फार विचित्र वाटतं. द्रावण आधी पिवळं, मग तपकिरी, मग शाईसारखं काळं, घाबरू नका, तसंच होतं. गाळण्याचं काम कंटाळवाणं आहे, सेलाइटचा (गाळायला वापरतात त्या पुडीचा) जाड थर घ्या, पातळ घेतलात तर बारीक काळा गाळ खाली उतरतो आणि एनएमआरमध्ये शिखरं पसरट येतात.

उरलेली न वापरलेली पूड वर्कअपमध्ये पिच्छा पुरवते हे पण लिहून ठेवते. रोटावर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) लावलं की सॉल्व्हंटबरोबर उडून कंडेन्सरमध्ये आणि ट्रॅपमध्ये जाते, कॉलमवर हेक्सेनबरोबर सगळ्यांच्या पुढे धावते. सीओ डिटेक्टर रोटाजवळ पण ठेवा. आणि कचरा वेगळ्या, नीट लेबल लावलेल्या डब्यात, सिंकमध्ये अजिबात नाही.

अल्काइन मेटाथेसिस मी एकदाच करून बघितलं. १९७४ मध्ये मॉर्ट्रू आणि ब्लँचार्ड यांनी हीच पूड आणि रिसॉर्सिनॉल एकत्र तापवून ट्रिपल बाँडच्या दोन टोकांची अदलाबदल करून दाखवली होती, तेव्हापासून "फिनॉल घाला, पूड घाला, तापवा" ही पाककृती चालत आलीय. कोरड्या सॉल्व्हंटचा, ग्लोव्हबॉक्सचा फारसा हट्ट नाही हे छान, पण तापमान जास्त लागतं आणि नाजूक ग्रुप टिकत नाहीत. माझा टिकला नाही. आता याहून कितीतरी सौम्य मॉलिब्डेनम कॅटॅलिस्ट मिळतात, त्यामुळे खास या कामासाठी बाटली मागवू नका.

इतर कार्बोनिलांशी तुलना विचारणारे असतातच. निकेल टेट्राकार्बोनिल, १८९० मध्ये माँड, लँगर आणि क्विंके यांना सापडलेलं पहिलं, ४३ अंशांना उकळणारं द्रव, भयंकर विषारी, त्याचा विचारच सोडा, ते कारखान्यात निकेल शुद्ध करायलाच ठीक. आयर्न पेंटाकार्बोनिल द्रव आहे, प्रकाशात ठेवलं की सोनेरी पत्रे पडायला लागतात, दिसतं सुंदर पण तोलताना हात कापतो. डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिल पॉसन-खांड रिअ‍ॅक्शनसाठी झकास, पण हवेत बिघडतं, बाटली एकदा उघडली की तिचे दिवस मोजायला लागा. क्रोमियम आणि टंगस्टनची हेक्साकार्बोनिलं आपल्या पुडीची सख्खी भावंडं, तशीच पांढरी, तशीच अष्टफलक, पण सीओ सोडायला जास्त आढेवेढे घेतात, टंगस्टनवालं तर सगळ्यात हट्टी, त्याला बरेचदा दिवा लावून मनवावं लागतं. तीन भावंडांत मधलंच सगळ्यात चपळ. टंगस्टनचं कार्बोनिल आयन बीमखाली टंगस्टनचा थर चढवायला वापरतात, तिथे त्याचा मान आहे.

थोडं अवांतर. मॉलिब्डेनमचं हे कार्बोनिल १९१० पासून माहीत आहे, तेही माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाबाखाली धातूवर सीओ सोडून केलेलं. आपण समजतो की हे फक्त लॅबमधलं बाळ, तर कचरा डेपोतून निघणाऱ्या गॅसमध्येसुद्धा हे आणि टंगस्टनवालं सापडलंय. आणि २०१४ मध्ये जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत सीबोर्गियमचं (मॉलिब्डेनमच्याच गटातल्या कृत्रिम मूलद्रव्याचं) हेक्साकार्बोनिल केलं गेलं, मोजके अणू, सेकंदांत विरून जाणारे, आणि वाफ होण्याच्या बाबतीत ते घराण्याला साजेसंच वागलं. हे वाचल्यापासून आमच्या कपाटातल्या त्या उडालेल्या ग्रॅमबद्दल मी पुडीला माफ केलंय, पुरवठादाराला नाही.

एक तारा देऊन "रिअ‍ॅक्शन होतच नाही, बोगस माल" असं लिहिणाऱ्यांना एवढंच विचारते, तापवलं होतं का? रूम टेंपरेचरला टीएचएफ सॉल्व्हंटमध्ये ढवळत बसलात तर ही पूड आठवडाभर तशीच बसेल, धड विरघळायची पण नाही. सीओ सोडवायला उष्णता लागते, नाहीतर प्रकाश, नाहीतर डीबीयू किंवा ट्रायमेथिलअमीन ऑक्साइडसारखं काहीतरी. हात न लावता सीओ सोडणारी पूड बाटलीत टिकली असती का, तुम्हीच सांगा.

तिसरी बाटली दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवली, १० ग्रॅमचीच, मोठी नाही, कारण चिमटी-चिमटीने संपते. काळ्या काचेची, आत सील, बाहेर डबा, डब्यात शोषक. गळ्याशी झालर नाही. बाटलीसकट वजन लेबलवर लिहिलंय, गेल्या सोमवारी परत तोललं, काटा जिथे होता तिथेच.